दिवाळीनंतरची छाटणी



स्वाध्यायाला येणाऱ्या दोघी-तिघींनी विचारलं, "काकू, तुम्ही झाडांवर कसलंच औषध मारत नाही, मग तुमचा गुलाब टिकतो कसा?" तोंडी सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून आज लिहूनच काढते.

आमच्या सांगलीच्या घराच्या पूर्वेला गावठी गुलाबाची चार झुडपं आहेत. नर्सरीत याला कुणी देशी गुलाब म्हणतात, कुणी एडवर्ड. फूल मध्यम, गुलाबी आणि वासाचं. कलमी गुलाबासारखं लांब दांड्यावर एकच मोठं फूल येत नाही. झुडूप पसरतं आणि फुलं झुपक्याने येतात. यातलं सर्वांत जुनं झुडूप सासूबाईंनी लावलेलं. त्या रोज सकाळी त्याची फुलं बस्तीत नेत.

आपल्या धर्मात वनस्पती एकेंद्रिय जीव. श्रावकाला स्थावर जीवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही, पण त्रस जीवांची संकल्पी हिंसा सोडायलाच हवी. रत्नकरंड श्रावकाचारात तर विनाकारण माती उकरणं, पाणी सांडणं, पानं-फांद्या तोडणं यालाही प्रमादचर्या म्हटलं आहे. आता गुलाबाची निगा म्हणजे माती, पाणी आणि कात्री. म्हणून या प्रत्येक कामाला कारण काय, हे मी आधी स्वतःलाच विचारते.

पहिली गोष्ट जागेची. गुलाबाला रोज निदान सहा तास ऊन हवं, त्यातही सकाळचं. पानांवर काळे ठिपके येतात ती बुरशी. पान सात-आठ तास ओलं राहिलं की ती धरते. म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यायचं, पानांवर नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मी तिथेच घालते. दोन झुडपांत तीन-चार फूट अंतर ठेवलं आणि भिंतीपासून दीड-दोन फूट लांब लावलं की वारं खेळतं. ठिपक्यांची पानं गळून पडली की उचलून टाकायची. एवढ्याने निम्मा रोग कमी होतो आणि बाटली हातात घ्यायची वेळ येत नाही.

दुसरी गोष्ट खताची. नर्सरीत तयार मिश्रण घेताना "यात हाडांची पूड आहे का?" असं स्पष्ट विचारा. गुलाबासाठी बोनमील सर्रास देतात, कारण त्यातून स्फुरद आणि कॅल्शियम हळूहळू मिळतं. रक्ताची पूड आणि मासळीचं खतही मिळतं. आपल्याला यातलं काहीच नको. जुनं, पूर्ण कुजलेलं, कोरडं शेणखत चालतं. ताजं शेण नको, त्यात किडे-अळ्या होतात आणि मग माती हलवताना तेच मरतात. स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट मिळतं, ते खनिज आहे. नत्राचं खत हात राखून द्या. जास्त दिलं की लुसलुशीत कोंब फुटतात आणि मावा नेमका त्याच कोंबांवर येतो.

तिसरी छाटणीची. आपल्याकडे गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस थांबला की, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला करतात. पण तेव्हा बहुधा चातुर्मास चालू असतो. पावसाळ्यात मातीत आणि पानाआड जीव फार, म्हणून चातुर्मासात खणायचं नाही आणि कात्री लावायची नाही असा माझा नियम आहे. मी छाटणी दिवाळीनंतरच करते. छाटल्यावर फुलं यायला साधारण सहा-सात आठवडे लागतात. २०२३ साली दिवाळी १२ नोव्हेंबरला होती, त्यामुळे फुलं डिसेंबर सरता सरता आली. २०२५ साली ती २१ ऑक्टोबरला आली, तेव्हा फार उशीर झाला नाही. नियमापायी फुलांचे दोन-तीन आठवडे जातात, दुसरं काही बिघडत नाही.

कात्री लावण्याआधी झुडपात पक्ष्याचं घरटं किंवा माश्यांचं पोळं नाही ना, ते बघून घ्या. मग वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि अगदी जुन्या फांद्या काढायच्या, पाच-सहा दमदार फांद्या ठेवायच्या आणि त्यांचा वरचा तिसरा हिस्सा छाटायचा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप घ्यायचा. गावठी झुडपाला कलमी गुलाबाइतकी खोल छाटणी लागत नाही. छाटलेल्यातल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या मी टाकत नाही. वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे करून पिशव्यांत लावते. सगळे जगत नाहीत, पण बरेच जगतात. तोडलेली फांदी अशी कुणाच्या तरी अंगणात उभी राहते.

आता माव्याचं. मागच्या हिवाळ्यात आठवडाभर ढगाळ हवा होती आणि सासूबाईंच्या झुडपावर कळ्या दिसेनाशा होतील इतका मावा आला. मुलगा बाटली घेऊन आला. म्हणाला, "आई, हे कडुलिंबाचं तेल आहे, सेंद्रिय आहे. आजीचं झाड हातचं जाईल." त्याची कळकळ खरी होती आणि मलाही रात्री झोप लागली नाही. पण रासायनिक असो की सेंद्रिय, बाटली त्यांना मारण्यासाठीच आणलेली होती. हाच तर संकल्प. ती मी परत करायला लावली. पहिला बहर जवळजवळ सगळा वाया गेला, कळ्या वाकड्या होऊन सुकल्या. पुढे ऊन तापलं, ढालकिडे आणि चिमण्या आल्या आणि मावा ओसरला. फाल्गुनात झुडूप पुन्हा फुललं. चांगलं मुरलेलं झुडूप माव्याने सहसा मरत नाही, हे मला माहीत होतं. तरी ते दीड महिना बघत राहणं सोपं नव्हतं.

मी बी.कॉम. झाले तेव्हा बुडीत कर्जाची तरतूद शिकले होते. व्यापारी आधीच धरून चालतो की काही येणं बुडणार. मीही काही कळ्या किड्यांच्या नावे आधीच लिहून टाकते. पानांच्या कडेला कंपासने काढल्यासारखे गोल काप दिसले तर घाबरू नका. एक लहानशी माशी तेवढे तुकडे घरट्याच्या अस्तरासाठी नेते. झाडाला त्याने काही होत नाही.

राहता राहिला फुलांचा प्रश्न. माझी सून माहेरची तेरापंथी. तिच्या माहेरी पूजेत सचित्त फूल वाहत नाहीत, केशरी तांदूळ वाहतात. आमच्या घरी मात्र फुलं वाहण्याची परंपरा आहे. ती आली तेव्हा यावरून एक-दोन वेळा वातावरण जड झालं. आता मी पूर्ण उमललेली मोजकीच फुलं घेते, आत जीव नाही ना हे बघून, आणि अष्टमी-चतुर्दशीला झाडाला हातही लावत नाही. ती ताटात तांदूळच घेते. दोघींचं मत अजून एक झालेलं नाही, पण सकाळचं पाणी तीच घालते आणि झाडाखाली गळालेल्या पाकळ्याही तीच गोळा करते.

ज्यांना फांद्या हव्या असतील त्यांनी दिवाळीनंतर सांगा. सोबत कोरडं शेणखत भरलेली पिशवी आणा, आणि घरी नेल्यावर पहिले पंधरा दिवस कडक उन्हात ठेवू नका.