नकाशावरचे ठिपके

नालासोपारा पूर्वेकडून पाहिले असता तुंगारेश्वरचे डोंगर अगदी हाताशी आल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात वस्ती आणि डोंगर यांच्या मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो व त्यावरची वाहतूक रात्रीही थांबत नाही. या डोंगरांना २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथे बिबट्या आहे हे आम्हां रहिवाशांना ऐकून ठाऊक असते. तो प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मात्र क्वचितच भेटतो. न दिसणाऱ्या या शेजाऱ्याविषयी नेमके काय कळू शकते, या कुतूहलापोटी प्राणिवर्तनाच्या अभ्यासातील तंत्रज्ञान या विषयावरच्या एका परिसंवादाला मी श्रोता म्हणून गेलो. मी मराठीचा शिक्षक. आलेख आणि सांख्यिकी हा माझा प्रांत नव्हे. तरीही दिवसभर ऐकताना जाणवले, की तेथे चाललेली चर्चा मला फारशी परकी नाही. ती वाचनाविषयीच होती. चिखलातला ठसा, कॅमेरा ट्रॅपने टिपलेले छायाचित्र, नकाशावर उमटलेला ठिपका ही सारी अक्षरे, आणि ती लिहिणारा वाचकासमोर कधीच नसतो.

माणूस प्राण्यांचे वर्तन फार पूर्वीपासून असे वाचत आला आहे. आजचे सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. येथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. त्या काळी समुद्रावर जाणाऱ्या व्यापाऱ्यांविषयी पाली साहित्यात एक मार्मिक उल्लेख आहे. ते गलबतावर किनारा शोधणारा पक्षी सोबत नेत. भर समुद्रात त्याला सोडले की जमीन दिसल्यास तो तिकडे उडून जाई, न दिसल्यास गलबतावर परत येई. त्या नावाड्यांसाठी पक्षी हेच उपकरण होते. आज हे नाते उलटले आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ मध्ये सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली कडी घातली जात. असा पक्षी पुन्हा कोणाच्या हाती लागला तरच ते कडे बोलत असे. २०२२ मध्ये याच संस्थेने ठाणे खाडीतील काही रोहित पक्ष्यांना उपग्रहाशी जोडलेली उपकरणे बसवली, तेव्हा त्यांच्या गुजरातपर्यंतच्या उड्डाणाचा माग पक्षी पुन्हा न पकडताही घेता आला.

आम्हां वसई-विरारकरांच्या दृष्टीने या तंत्रज्ञानाची सर्वांत महत्त्वाची कथा मात्र एका बिबट्याची आहे. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क नर बिबट्याला बाहेर काढण्यात आले. संशोधक विद्या अत्रेय आणि वनविभाग यांनी त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर बांधली आणि त्याला माळशेज घाटात सोडले. त्याचे नाव ठेवले ‘आजोबा’. कॉलर उपग्रहांच्या साहाय्याने ठरावीक वेळाने आपली जागा नोंदवत होती. त्या नोंदी जोडत गेल्यावर जो मार्ग तयार झाला, तो थक्क करणारा होता. सुमारे महिनाभरात आजोबा जवळजवळ १२० किलोमीटर चालला. कसारा रेल्वे स्थानकाजवळून तो गेला, मुंबई-आग्रा महामार्ग त्याने ओलांडला, वसईच्या औद्योगिक भागाजवळून पुढे सरकला आणि शेवटी खाडी पोहून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. एवढ्या दाट लोकवस्तीतून जाताना त्याने कोणाही माणसाला इजा केली नाही. ज्या रात्री तो आमच्या परिसरातून गेला, त्या रात्री येथील माणसे शेवटच्या लोकलने परतली असतील, पाण्यासाठी जागी राहिली असतील, आणि आपल्या वस्तीजवळून कोण गेले हे त्यांच्या गावीही नसेल.

ही केवळ एका प्राण्याच्या साहसाची गोष्ट असती, तर मी ती येथे सांगितली नसती. त्या आधीच्या काही वर्षांत, विशेषतः जुन्नर परिसरात, वस्तीजवळ दिसलेला बिबट्या पकडायचा आणि दूरच्या जंगलात नेऊन सोडायचा, हाच उपाय रूढ होता. उपाय सद्‌हेतूने केला जात होता. त्यामागे एक गृहीतक होते: बिबट्याची जागा जंगलात आहे; तेथे सोडले की तो तेथेच राहील. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून उलट चित्र पुढे आले. असे स्थलांतर केल्यावर माणसांवरील हल्ले घटण्याऐवजी वाढलेले दिसले. आजोबाच्या प्रवासाने तर सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहत नाही, हे नकाशावर रेखून दाखवले. २०११ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बिबट्या-मानव संघर्षाविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत अशा स्थलांतराला उत्तेजन नाही. ज्याच्याविषयी निर्णय घेतले जात होते, त्याची साक्ष प्रथमच विचारात घेतली गेली, असे मला या घटनेविषयी वाटते.

परंतु या साक्षीचे वाचन करताना भाषेच्या अभ्यासकाने थोडे सावध राहिले पाहिजे. आजोबा ‘घरी परतला’ असे आपण सहज म्हणतो. नालासोपाऱ्यात तर हे वाक्य फारच जवळचे वाटते. येथे कोणी कोकणातून आले, कोणी गिरणगावातून, कोणी परप्रांतातून. आणि आजही पुष्कळजण पहाटेच्या गाडीने त्याच शहराकडे जातात, जेथील खोली त्यांना सोडावी लागली. बिबट्याच्या मार्गात आपली वाट दिसणे स्वाभाविक आहे. ते रूपक म्हणून सुंदर आहे. पुरावा म्हणून मात्र ते चालणार नाही. नकाशावर ठिपके असतात, दोन ठिपक्यांमधली ओढ नसते. तो उद्यानाकडे का निघाला, हे कॉलरने सांगितलेले नाही. येथे शास्त्रज्ञ आणि लेखक यांची शिस्त एकच ठरते: संहितेत जेवढे आहे तेवढेच तिच्या नावावर मांडावे, आणि आपली भर आपल्याच नावावर ठेवावी.

परिसंवादाहून परतताना आणखी एक विचार मनात घोळत राहिला. बिबट्या हा शेजारी आहे, ही गोष्ट पालघर जिल्ह्यातील वारली समाजाला कोणत्याही उपकरणाशिवाय ठाऊक आहे. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला त्यांचा वाघोबा आजही पुजला जातो. वाघबारशीला त्याला मान दिला जातो. वाघ आणि बिबट्या यांच्यात तेथे फारसा भेद केला जात नाही. त्याने गुरांना आणि माणसांना सांभाळावे, माणसांनी त्याचा मान राखावा, असा तो व्यवहार आहे. भीती त्यात आहेच, पण तिच्या जोडीला मर्यादेचे भानही आहे. कॉलरने दिलेली माहिती अधिक नेमकी आहे. मात्र माहिती मिळाल्यावर कसे वागावे, याचा संकेत त्या पूजेत आधीपासून होता.

आजोबाच्या कॉलरचे संदेश काही काळाने थांबले. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मृत्युमुखी पडला. शेपटीजवळ बसवलेल्या सूक्ष्म चिपवरून त्याची ओळख पटली. तो आजोबाच होता. पुढे २०१४ साली त्याच्या नावाचा मराठी चित्रपटही आला. ज्या उपकरणांनी त्याचा प्रवास जगापुढे आणला, त्यांच्याकडून त्याचे रक्षण होणे शक्यच नव्हते. आपल्याला त्याचा मार्ग माहीत झाला होता. रस्ता मात्र होता तसाच राहिला.

त्यानंतर २०२१ साली राष्ट्रीय उद्यानातील बिबट्यांना पुन्हा कॉलर बांधण्यात आल्या. त्यांतील पहिली मादी ‘सावित्री’. ‘महाराजा’ नावाचा नर तर वसई-दिवा रेल्वेमार्ग आणि चिंचोटी-भिवंडी रस्ता ओलांडून तुंगारेश्वरपर्यंत आला. म्हणजे उद्यान आणि आमचे डोंगर यांच्यातील वाट अजून चालू आहे. बिबटे ती कोठे ओलांडतात, हे आता अनुमानाने सांगण्याची गरज उरलेली नाही. वारल्यांनी आपल्या पाड्यात वाघोबासाठी जागा राखली. रस्ते रुंद होत असताना आपल्या काळाने राखायची जागा म्हणजे त्यांच्याखालची एक प्रशस्त, अंधारी, कोरडी मोरी. तिच्यातून रात्री कोण गेले, हे आपल्याला दिसणार नाही, आणि दिसण्याची आवश्यकताही नाही.