समुद्राने सांभाळलेली हिरवी भांडी

चला, आज थायलंडला जाऊ या! देश परका असला तरी गावांची नावं ऐका. सुकोथाई म्हणजे सुखोदय. त्याच्या उत्तरेला योम नदीकाठी आहे सी सत्चनालाय, म्हणजे आपला 'श्री सज्जनालय'. इथल्या भांड्यांना जग 'सवनखलोक' म्हणतं. ओळखलंत? स्वर्गलोक! शेकडो वर्षांपूर्वी संस्कृत शब्द इथवर पोचले आणि थाई जिभेवर असे वळले.

१९९१ मध्ये युनेस्कोने ही जुनी नगरं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. प्रवासी येतात ते देवळं आणि स्तूप बघायला. आपण मात्र नदीकाठाने उत्तरेकडे, बान को नोई या खेड्यात जाऊ. इथे जमिनीखाली शेकडो भट्ट्या सापडल्या आहेत. क्रमांक ४२ आणि ६१ च्या भट्ट्यांवर छप्पर घालून तिथेच संग्रहालय केलंय. विटांची लांबट, कासवाच्या पाठीसारखी फुगीर भट्टी. एका टोकाला जाळ, मधे भांडी, दुसऱ्या टोकाला धुराडं.

चौदाव्या ते सोळाव्या शतकात इथे सेलाडॉन नावाची हिरवी भांडी भाजली जात. घरी आजीची लोणच्याची बरणी असेल, तर तिच्यावरून बोट फिरवून बघा. ती जी काचेसारखी चकाकी लागते ना, तिला म्हणतात झिलई. सेलाडॉनच्या झिलईत राख आणि अगदी थोडं लोखंड असतं. भट्टी बाराशे अंशांच्या आसपास तापली, की कुंभार आतली हवा कमी करायचा. हवेवाचून गुदमरलेला जाळ मग झिलईतलाच प्राणवायू ओढून घेतो आणि त्या लोखंडामुळे भांडं हिरवं होतं. कधी शेवाळी, कधी निळसर, कधी कच्च्या कैरीसारखं. हवा जास्त झाली तर मात्र पिवळट किंवा तपकिरी! आहे की नाही गंमत?

१३७१ मध्ये चीनच्या मिंग सम्राटाने खाजगी समुद्री व्यापारावर बंदी घातली. चिनी भांडी कमी पडू लागली आणि सवनखलोकचं नशीब उघडलं. माल नद्यांतून खाली अयुथ्थयाला यायचा (हो, ही अयोध्याच!). तिथून गलबतं फिलिपाईन्स, इंडोनेशियाची बेटं, थेट जपानपर्यंत जायची. सगळीच पोचली नाहीत. काही वादळात सापडली, काही बुडाली.

लाकूड कुजलं, दोर गेले, पण भांडी गाळात तशीच राहिली. १९७० च्या दशकात को खराम बेटाजवळ सुमारे ४० मीटर खोल पाण्यात पाणबुड्यांना असं एक गलबत तपासता आलं. मलेशियाच्या किनाऱ्यापलीकडे १९९० च्या दशकात सापडलेल्या 'रॉयल नानहाय' गलबतात तर सुमारे २१ हजार भांडी होती!

मग काय, पटापट वर काढायची? थांबा! खाऱ्या पाण्यात राहिलेल्या भांड्यात मीठ मुरलेलं असतं. भांडं तसंच वाळवलं, तर मिठाचे स्फटिक फुगून झिलईचे टवके उडवतात. म्हणून ते कित्येक दिवस गोड्या पाण्यात ठेवून पाणी बदलत राहावं लागतं.

त्याहून नाजूक असते ती जागा. कोणतं भांडं कुठे, कशाशेजारी होतं, खाली कोणतं लाकूड होतं, याचा आधी नकाशा काढतात. तळाच्या फळ्या बघूनच कळलं, की इथल्या काही गलबतांत चिनी पद्धतीचे आडवे कप्पे होते आणि फळ्या मात्र या भागातल्या रीतीने लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या होत्या. दोन देशांचे सुतार एकमेकांकडून शिकले होते! चोराने नुसती ताटं उचलली असती, तर ही गोष्ट कोणाला कळली असती?

आणि चोर येतातच. १९९२ मध्ये थायलंडच्या आखातात एक परदेशी बोट गुपचूप असाच माल काढत होती. थाई नौदलाने ती अडवली आणि दहा हजारांहून अधिक वस्तू ताब्यात घेतल्या. वस्तू वाचल्या, पण त्या गलबतात कुठे, कशा रचल्या होत्या, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. फाडलेल्या पुस्तकाची पानं मिळावीत आणि त्यांवरचे आकडे पुसलेले असावेत, तसंच हे!

आग्नेय थायलंडमधल्या चांथाबुरीच्या सागरी संग्रहालयात गेलात, तर समुद्रातून आलेली भांडी जरूर बघा. एखादं उलटं ठेवलेलं दिसलं, तर बुडाशी काळसर गोल वळ शोधा. भट्टीत भांडं ज्या मातीच्या नळकांड्यावर उभं होतं, त्याची ती खूण. बान को नोईच्या कुंभाराने आपलं नाव कुठे लिहिलं नाही, पण ही खूण राहिली.

आणि बरं का, आपल्याकडेही किल्ल्यावर, नदीकाठी, शेतात जुनी खापरं दिसतात. खिशात घालायचा मोह होईल. त्यापेक्षा ती आहेत तिथेच राहू द्या, वहीत जागा टिपा आणि मोठ्यांना दाखवा. खापर बोलतं, पण आपल्या जागेवर असेल तरच!