अब्बांच्या पेटीतले ‘अल-रिसाला’

आमच्या अब्बांचे टेलरिंगचे दुकान होते. बाजारपेठेच्या टोकाला एक लहानशी खोली, दोन मशिने, आणि कात्री-टेप ठेवायच्या फळीवर त्या महिन्याचे ‘अल-रिसाला’. ते दिल्लीहून पोस्टाने यायचे. आम्ही तिघे भावंडे मराठी शाळेत शिकलो. कुरआन वाचण्यापुरती अक्षरे मदरशात गिरवली, पण उर्दू मासिक वाचावे एवढी मजल कधी गेली नाही. त्यामुळे मौलाना वहीदुद्दीन खान आम्हाला समजले ते अब्बांच्या तोंडून आणि मराठीत. इशाची नमाज आणि जेवण आटोपले की अब्बा एक पान वाचत आणि मग “मौलाना म्हणतात” असे म्हणून आम्हाला सांगत. त्यात मौलानांचे कुठे संपते आणि अब्बांचे कुठे सुरू होते, हे आम्हाला आजही नीट सांगता येणार नाही.

पाने लहान लहान असत. कधी गुलाबाच्या काट्यावर, कधी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानवर. पराभव मान्य करून जपानी लोक शिक्षणाला आणि कारखान्यांना लागले, हे उदाहरण मौलानांच्या फार आवडीचे. अम्मी कधी कधी वैतागत, “पुन्हा जपान?” अब्बा हसून पान उलटत.

मौलानांचा जन्म १९२५ चा, आझमगड जिल्ह्यातल्या बढरिया गावचा. वडील लहानपणीच गेले. आईने आणि चुलत्यांनी वाढवले. शिक्षण सराय मीरच्या मदरसतुल इस्लाहमध्ये झाले. मदरशातून बाहेर पडल्यावर त्यांच्या लक्षात आले, की इंग्रजी शिकलेल्या माणसांशी दीनबद्दल बोलायला आपल्याकडे भाषाच नाही. मग त्यांनी स्वतः इंग्रजी शिकून विज्ञानाची, तत्त्वज्ञानाची पुस्तके वाचून काढली. आम्ही अभ्यासाचा कंटाळा केला की ही गोष्ट हमखास निघायची.

पुढे ते जमाअत-ए-इस्लामीत गेले, सुमारे पंधरा वर्षे राहिले आणि बाहेर पडले. मौलाना मौदूदींनी दीनचा अर्थ लावताना राजकारणाला मध्यभागी आणले, बंदा आणि अल्लाह यांचे नाते त्यामुळे मागे पडले, अशी त्यांची तक्रार होती. ती त्यांनी १९६३ साली ‘ताबीर की गलती’ या पुस्तकात मांडली. ज्यांच्यासोबत उमेद घालवली त्यांच्याविरुद्ध नाव घालून लिहायचे, ही सोपी गोष्ट नव्हे. नंतर काही वर्षे लखनौला, मग दिल्लीत ‘अल-जमीयत’ साप्ताहिकाचे संपादन आणि १९७६ पासून स्वतःचे ‘अल-रिसाला’. त्याच्या हिंदी, इंग्रजी आवृत्त्याही निघाल्या, पण अब्बांना उर्दूच लागायची.

हे सगळे ठीक चालले होते, १९९३ च्या जानेवारीपर्यंत. मुंबई पेटली होती. आमच्या गावात तसे काही घडले नाही; पण एका रात्री दुकानाचा बोर्ड फोडला गेला, कुलूप तोडले आणि शिवायला आलेले कपडे बाहेर गटारात टाकले. कुणी केले ते गावाला ठाऊक होते, आम्हालाही. थोरला तेव्हा कॉलेजात होता. तो पोलीस ठाण्यात जायला निघाला. अब्बांनी त्याला दारात अडवले. त्यांनी कपडे गोळा केले, अम्मीने ते धुतले, इस्त्री केले, जे फाटले होते त्याचे कापड अब्बांनी पदरचे पैसे घालून आणले. आठ दिवसांनी ते सायकलवरून प्रत्येकाच्या घरी कपडे पोचवून आले. बहुतेकांनी पैसे दिले. दोघांनी दार उघडले नाही.

त्या रात्री त्यांनी आम्हाला हुदैबिया सांगितले. मौलानांच्या विचाराची किल्लीच ती. हिजरी सन ६. पैगंबर मुहम्मद (स.) सुमारे १४०० साथीदारांसह उमरा करायला निघाले आणि मक्केच्या वेशीवर अडवले गेले. १० वर्षांचा करार झाला. यंदा परत जा. मक्केतून कुणी मुसलमान होऊन मदीनेला आला तर त्याला परत पाठवा. करारातले ‘रसूलुल्लाह’ हे शब्दसुद्धा काढा. हजरत उमर (रजि.) यांच्यासारख्यांनाही ते जड गेले. आणि कुरआनने मात्र त्याला उघड विजय म्हटले. मौलानांचे म्हणणे असे, की त्या करारातून प्रतिष्ठा मिळाली नाही, मोकळा वेळ मिळाला. लढाई थांबली, माणसे एकमेकांकडे जाऊ-येऊ लागली, इस्लामचा संदेश पोचला. दोनच वर्षांनी मक्केत शिरताना सोबत दहा हजार माणसे होती. म्हणून सब्र म्हणजे हात बांधून बसणे नाही. भांडणातून सोडवलेला वेळ कामाला लावणे म्हणजे सब्र.

थोरला म्हणाला, “करार दोन बाजूंनी होतो, अब्बा. आपल्याशी कुणी केलाय?”

अब्बांनी उत्तर दिले नाही. त्यानंतर कित्येक महिने थोरला वाचनाच्या वेळी ओट्यावर जाऊन बसायचा.

बाबरी मशीद पाडल्यानंतर मौलाना महाराष्ट्रात आले होते. जैन आचार्य मुनी सुशीलकुमार आणि स्वामी चिदानंद यांच्यासोबत त्यांनी मुंबई ते नागपूर १५ दिवसांची शांतियात्रा केली, वाटेत ३५ ठिकाणी लोकांशी बोलले. दंग्याच्या राखेत असे फिरायला हिंमत लागते. यात्रा आमच्या गावावरून गेली नाही, याची हळहळ अब्बांना शेवटपर्यंत राहिली.

त्याच सुमारास त्यांनी बाबरीबद्दल आपले सूत्र मांडले आणि आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेतला. मुसलमानांनी बाबरीचे आंदोलन थांबवावे. हिंदूंनी हा विषय अयोध्येपाशीच संपवावा, काशी-मथुरेकडे वळू नये. आणि प्रार्थनास्थळे १९४७ साली होती तशीच ठेवण्याचा १९९१ चा कायदा पक्का पाळला जावा. आमच्या मशिदीत तेव्हा त्यांचे नाव घ्यायची सोय नव्हती. सत्तेला सोयीचे बोलतात, असे लोक म्हणत. पुढे २००० साली पद्मभूषण मिळाले तेव्हा तेच लोक म्हणाले, “बघा, सांगत नव्हतो?” ही टीका आम्हाला तेव्हाही हलकी वाटली. माणसाच्या विचाराला उत्तर द्यावे, त्याच्या सत्काराला नव्हे.

पण विचाराला उत्तर देणे आम्हालाही चुकले नाही. २०१६ साली अब्बा गेले. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. मशीद पाडणे बेकायदा होते असे कोर्टाने म्हटले आणि जागा मंदिराला दिली. मुसलमानांनी रस्त्यावर न येता तो निकाल सोसला. पुढच्या वर्षी पाडण्याच्या खटल्यातले सगळे आरोपी सुटले. थोरल्याचा फोन आला, “मौलानांच्या सूत्रातला आपला भाग झाला. समोरचा भाग कुठाय?” आज ज्ञानवापी आणि मथुरेच्या ईदगाहचे दावे कोर्टात चालू आहेत. त्याच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नाही, आणि मौलानांच्या लिखाणातही ते आम्हाला सापडले नाही. अन्याय करणाऱ्याला थांबवायचे कुणी, याबद्दल ते फार कमी बोलतात. आपण काय करावे यावरच सगळा भर. आम्हाला वाटते, की कपडे घरोघरी पोचवणे आणि पोलिसांत तक्रार देणे, दोन्ही करता आले असते. कायद्याच्या दारात शांतपणे उभे राहणे यात सब्र कुठे मोडतो?

तरीही धाकटीचे म्हणणे खोडता येत नाही. तिचे म्हणणे असे, की तक्रार दिली असती तर दोन वर्षे कोर्टाच्या फेऱ्या झाल्या असत्या, आणि त्याच दोन वर्षांत अब्बांनी तिसरे मशीन घेऊन तिला डी.एड. केले. ती आज शाळेत शिकवते. ज्यांनी दार उघडले नव्हते, त्यांच्यापैकी एका घरातली नात तिच्या वर्गात होती.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, रमजानचा पहिला आठवडा सरतानाच, मौलाना करोनाने दिल्लीत गेले. वय ९६. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले होते. लॉकडाऊन होते, कुणाकडे जाता येत नव्हते. आम्ही तिघांनी फोनवरच इन्ना लिल्लाहि म्हटले आणि अब्बांची पत्र्याची पेटी उघडायचे ठरवले.

वाचून दाखवले ते थोरल्याच्या मुलीने. ती मोबाईलवर उर्दू शिकली आहे. अडखळत का होईना, वाचते. अंकांच्या समासात अब्बांची पेन्सिल ठिकठिकाणी आहे. कुठे रेघ, कुठे गिऱ्हाइकाचे माप: छाती ३८, बाही २३. हुदैबियावरच्या पानांना दोन-दोन रेघा. आणि १९९३ च्या एका अंकात, जिथे बाबरीचा विषय आहे, तिथे रेघ नाही, एक प्रश्नचिन्ह आहे. बरेच दाबून काढलेले. मागच्या पानावर उमटले आहे. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही. त्या दिवशी ते पान आम्हाला वाचून दाखवले होते की नाही, हेही आठवत नाही. थोरल्याने तो अंक स्वतःकडे मागून घेतला.

बाकीचे अंक आम्ही वर्षावार लावून बाइंडिंगला दिले आहेत. मधले काही वाळवीने खाल्ले, १९८७ आणि १९९१ चे तर पेटीत नाहीतच. अब्बांनी कुणाला वाचायला दिले असतील. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी जुने उर्दू ‘अल-रिसाला’ पडून असतील आणि त्यांचा उपयोग होत नसेल, तर रद्दीत घालण्याआधी आमची आठवण ठेवावी. संपादकांकडे निरोप दिला तरी पोचेल. टपालखर्च आम्ही देऊ.