बीडमधील कर्करोग आणि गर्भपिशवीची भीती

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०१२ ते २०१६ या काळाच्या अहवालात उस्मानाबाद आणि बीड या दोन जिल्ह्यांचा एकत्रित दर देशातील नोंदणी केंद्रांत सर्वांत कमी आहे. वयोमानातील फरक वजा केल्यावर वर्षाला लाख पुरुषांमागे ३९.५ आणि लाख स्त्रियांमागे ४९.४ नवे रुग्ण आढळले. मिझोराममधील ऐजॉल जिल्ह्यात पुरुषांचा हाच दर २६९.४ होता.

लवकर येणारे बाळंतपण आणि लांबलेले स्तनपान यांमुळे स्तनाचा कर्करोग ग्रामीण भागात शहरांपेक्षा कमी दिसतो. तंबाखू-चुना आणि मिश्रीमुळे तोंडाचा कर्करोग मात्र खेड्यालाही सोडत नाही. काही रुग्ण तपासणीपर्यंत पोहोचतच नाहीत, हेही कमी आकड्यामागचे एक कारण असू शकते. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली, तेव्हा कार्यकर्त्यांना गावोगाव फिरून रुग्ण शोधावे लागले. त्या नोंदींत स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता.

हा कर्करोग एचपीव्ही विषाणूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गातून होतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो, आणि तेवढ्या अवधीत तो रोखता येतो. याचा भक्कम पुरावा बीडच्या शेजारच्याच जिल्ह्यातला आहे. उस्मानाबादमधील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवरील अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या, संख्येने थोड्या लहान गटात ६४.

बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या वाट्याला ही तपासणी क्वचितच आली. आली ती पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया. २०१९ मध्ये जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, पाळीत रक्त जास्त जाते, पोट दुखते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना पिशवीत कॅन्सर होईल असे सांगण्यात आले होते. पांढरे जाणे अनेकदा औषधाने बरे होणाऱ्या संसर्गाचे लक्षण असते. विशीतल्या, तिशीतल्या बाईला पेशींची तपासणी न करताच असे सांगणे हे वैद्यकशास्त्र नव्हे, आणि देशातील नोंदणी केंद्रांत सर्वांत कमी दर नोंदवलेल्या भागात ते घडावे ही संतापाची गोष्ट आहे. शस्त्रक्रियेत अंडाशयही गेले तर हाडे अकाली ठिसूळ होतात. मुकादमाची उचल फेडायची असते, खाडा पडला की पैसे कापले जातात; त्यामुळे दर महिन्याच्या त्रासातून सुटका म्हणून बाईही तयार होते.

दसरा-दिवाळीनंतर ही कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणून तपासणीची योग्य वेळ पावसाळ्याची, गावातच. एचपीव्हीसाठीचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. कर्करोगपूर्व बदल झालेली जागा या उपचारास योग्य असेल तर ती उष्णतेने काही मिनिटांत नष्ट करता येते; त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही.