डोंगरावरचा एक शब्द

दिवाळीच्या सुट्टीत किर्लोस्करवाडीला उतरून कुंडलला, झरी पार्श्वनाथाच्या डोंगरावर गेलो. चढताना सासूबाई म्हणाल्या, "याचं मूळ नाव कौंडिण्यपूर हो!"

असेलही. पण मैत्रिणींनो, भारदस्त नाव तेच मूळ, असं नसतं. फ्रान्समधल्या लिओं शहराचं लॅटिन नाव लुग्दुनुम्. त्यातला गडवाचक 'दुन' मात्र रोमनांआधीच्या केल्ट लोकांचा. पंढरपूरही जुन्या शिलालेखांत 'पंडरगे', कानडी वळणाचं.

माझं माहेर जतकडचं, गुड्डापूरजवळ. कानडीत गुड्ड म्हणजे टेकडी. हसतील म्हणून पंधरा वर्षं सासरी कानडी शब्द काढला नव्हता. (शाळेत मात्र मुलांना भाषा शिकवते!) त्या दिवशी लेकीला म्हटलं, "बघ, केवढा गुड्ड!"

सासूबाईंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.