गोष्ट १९.३ मिलिमीटरची

तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंगच्या पोरांचं आगगाडी-आगगाडी खेळायचं वय आहे का हे? आमच्या मजल्यावर हा प्रश्न रोज व्हायचा, आणि त्याला जोडून ठरलेला डायलॉग, "अरे, एवढं घासत काय बसलात? रूळ रेडीमेड मिळतात की!" त्या दुसऱ्या वाक्याला नीट उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

रेडीमेड रूळ मिळतात, मान्य. पण ते आपल्या रेल्वेचे नसतात! थोडं गणित करू (घाबरू नका, एम-थ्री नाही). मॉडेल रेल्वेत जगभर सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, १:८७. त्यात दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. याला ८७ ने गुणलं की १४३५ येतात. हे झालं युरोप-अमेरिकेचं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. लॉर्ड डलहौसीच्या काळात ते ठरलं आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी त्याच मापावर धावली. १६७६ भागिले ८७ केलं की उत्तर येतं १९.३. नेहमीच्या दुकानात १९.३ चा रूळ मिळत नाही. तो करावा लागतो.

हे वेड आम्हाला लागलं पुण्यात. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. फर्स्ट इयरला आम्ही चौघं ते बघून आलो आणि परतीच्या एसटीत ठरलं, आपणही करायचं, पण आपला कसारा घाट! घाटाचा चढ १ इन ३७, एवढा की कसाऱ्याहून बहुतेक गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. आमचा चौथा पार्टनर कसाऱ्याचाच. त्याचे वडील रेल्वेत एवढंच आम्हाला माहीत होतं.

आठ बाय चारचा प्लायवुड आला. त्याच्या लांब बाजूवर १ इन ३७ म्हणजे साडेसहा सेंटिमीटरचा चढ. मग रूळ. खरा ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो. भागिले ८७, जवळजवळ २ मिलिमीटर. सातपूरला राहण्याचा फायदा इथे कळला. एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकांनी २ मिलिमीटरची पितळी पट्टी कापून दिली, आणि वर चहासुद्धा पाजला. पैसे विचारले तर म्हणाले, "गाडी चालली की दाखवायला बोलवा."

स्लीपर केले पीसीबीच्या कोऱ्या बोर्डाचे, ३ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून. मेन लाइनला किलोमीटरमागे १६६० स्लीपर टाकतात, म्हणजे साधारण दर ६० सेंटिमीटरला एक. आमच्याकडे दर ७ मिलिमीटरला एक! मीटरला १४५ स्लीपर, प्रत्येकावर सोल्डरचे दोन जोड, आणि लूप सहा मीटरचा. करा हिशोब. शिवाय एका रुळात प्लस, दुसऱ्यात मायनस. मधलं तांबं सलग राहिलं तर थेट शॉर्ट. म्हणून प्रत्येक स्लीपरच्या मध्यावर कानशीने तांबं तोडायचं आणि मल्टिमीटर लावून बघायचं. अंतर राखायला लेथवर एक रोलर गेज काढलं, १९.३ वर दोन खाचा असलेलं. खोलीत सोल्डरिंग आयर्न म्हणजे रेक्टर सरांच्या लेखी हीटरचा सख्खा भाऊ! पण त्यांनीच शब्द टाकला आणि कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये रात्री आठपर्यंत बसायची परवानगी मिळाली.

प्रदर्शनाला तीन आठवडे राहिले तेव्हा निम्मा लूपही झाला नव्हता. सबमिशन डोक्यावर, एकाची केटी. त्यातच बाहेरच्या एका ओळखीच्याने १६.५ चा तयार सेट अर्ध्या किमतीत देऊ केला. त्या रात्री मेसच्या टेबलावर कडाक्याचं भांडण झालं. दोघं म्हणाले, घेऊन टाका, तीन मिलिमीटरचा फरक कुणाला दिसतोय? केटीवाला तर सामान आवरून निघालाच. कसारेकर तेवढा गप्प होता. शेवटी म्हणाला, "रविवारी बाबा येतायत. त्यांना दाखवू, मग ठरवा."

काका आले. तेव्हा कळलं की ते चावीवाले आहेत. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन घाटातल्या रुळावर रोज पायी गस्त घालायची, सुटलेल्या चाव्या ठोकून बसवायच्या, हे त्यांचं काम, पावसाळ्यातही. मित्राने तीन वर्षांत हे कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

पुठ्ठ्याचं आमचं देखणं इंजिन काकांनी हातातसुद्धा घेतलं नाही. ते टेबलाशी उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि रुळाच्या रेषेत लांबवर बघितलं. मग वळणावर अंगठा फिरवून विचारलं, "बाहेरचा रूळ उचललाय का?" उचलला होता, खाली कार्डशीटची पट्टी घालून. काका पहिल्यांदा हसले. म्हणाले, "इंजिनाचं काय बघायचं, पोरांनो? ते रोज दुसरं येतं. रूळ तोच राहतो."

तयार सेटचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. केटीवालाही सोमवारी कानस घेऊन हजर!

प्रदर्शनात परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला, "रेडीमेड मिळत असताना हे कशाला?" उत्तर कसारेकराने दिलं. आधी १९.३ चं गणित सांगितलं, आणि मग म्हणाला, "सर, माझे वडील या रुळावरून रोज चालतात." तो हे चारचौघांत, मोठ्याने म्हणाला. आमच्या लेखी बक्षीस तिथेच मिळालं.

मित्रांनो, डिझाइनच्या पेपरात आपण टॉलरन्स लिहितो आणि मार्क घेतो. पण ०.२ मिलिमीटरने गेज आवळलं की चाक कसं चढतं, हे सतराशे जोड दिल्यावर हाताला कळतं. आणि गाडीत खिडकीशी बसणाऱ्या आपल्याला खालच्या रुळावर कोण चालतं, हेही.

लेआउट वर्कशॉपच्या मागच्या खोलीत आहे. यार्डातले पॉइंट अजून बाकी आहेत. रोलर गेज कपाटाच्या वरच्या खणात ठेवलंय. ज्युनिअर्सपैकी कुणाला हात काळे करायचे असतील तर खुशाल या!