चतुराला कोण खातं?



दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणीही झाली. पावसाने जरा उघडीप दिली की आमच्या सांगलीकडे मोकळ्या मैदानांवर चतुर घिरट्या घालू लागतात. मुलं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. त्याचीच नाजूक बहीण म्हणजे टाचणी. चतुर पंख पसरून बसतो, टाचणी बहुतेक वेळा पाठीवर मिटून घेते, एवढं लक्षात ठेवलं तरी ओळख पटते.

पाठशाळेत आपण माशी, डास, भुंगा हे चार इंद्रियांचे जीव म्हणून शिकलो. हा त्याच ओळीतला. त्याच्या एकेका डोळ्यात हजारो बारीक भिंगं असतात. एवढी नजर असूनही त्याच्या जिवाला क्षणाचीही स्वस्थता नसते, हे मला गेल्या काही वर्षांत गच्चीतल्या कमळाच्या टबाजवळ बसून कळलं.

याचं बालपण पाण्यात जातं. तळ्यातलं पिल्लू स्वतः मोठं शिकारी असतं. घडी घातलेला खालचा ओठ झटकन पुढे फेकून ते डासांच्या अळ्या पकडतं. पण त्यालाही मासे, बेडूक, पाणविंचू खातात, आणि त्याच्याच जातीतली मोठी पिल्लंही सोडत नाहीत. त्याही आधी, पाणवनस्पतीत घातलेल्या अंड्यांत काही अतिसूक्ष्म गांधीलमाश्या आपली अंडी घालतात.

यातून जे वाचतं ते एके रात्री काडीवर चढतं आणि कात टाकतं. ती वेळ सगळ्यांत वाईट. पंख मऊ, अंगात बळ नाही, लगेच उडता येत नाही. मुंग्या, कोळी आणि पहाटे उठणारे पक्षी तेवढ्यात डाव साधतात. उडायला लागल्यावर वेडा राघू आहे, कोतवाल आहे, कोळ्याचं जाळं आहे. टाचणीला तर मोठा चतुरच पकडतो.

समोरच्या केबलवर रोज एक वेडा राघू बसतो. हवेतच चतुर टिपतो, परत येऊन तारेवर आपटतो आणि गिळतो. माझी नात आठ वर्षांची. एकदा तिने विचारलं, "आजी, त्याला हाकलूया का? पाप करतोय तो."

मी म्हटलं, "हाकलला तर तो खाणार काय? वरण-भात?"

ती हसली, पण प्रश्न माझ्याकडेच राहिला. समोर जीव जातोय आणि आपण बघत बसायचं, हे आपल्या मनाला पटत नाही. करुणा म्हणून एकाला सोडवावं, तर दुसरा उपाशी.

मी कॉमर्सची. खतावणीत प्रत्येक नोंदीला दुसरी बाजू असते, तशी इथेही आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात शास्त्रज्ञांनी तळ्यांची पाहणी केली, ती 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या तळ्यांत मासे होते तिथे चतुर कमी होते, कारण मासे त्यांची पिल्लं खात. चतुर कमी म्हणून मधमाश्यांसारखे कीटक जास्त, आणि काठावरच्या फुलांचं परागीभवनही चांगलं. म्हणजे पाण्यातल्या माशाचा हिशोब काठावरच्या फुलापर्यंत जातो! यात कोणाला वाचवायचं आणि कोणाला शिक्षा करायची, हे गच्चीवरून ठरवणारी मी कोण?

दुसरी गोष्ट नागालँडची. अमूर ससाणा हा छोटा शिकारी पक्षी सैबेरियाकडून आफ्रिकेला जाताना शरद ऋतूत तिथल्या डोयांग जलाशयापाशी थांबतो. पुढे अरबी समुद्र ओलांडतो. चतुरांची एक जातही त्याच सुमारास भारतातून मालदीवमार्गे आफ्रिकेकडे जाते, असं चार्ल्स अँडरसन या अभ्यासकाने 2009 मध्ये मांडलं. समुद्रावर ससाण्याचं पोट हेच चतुर भरत असावेत, असाही त्यांचा अंदाज आहे.

पण 2012 मध्ये त्याच डोयांगला माणसांनी जाळी लावून हजारो ससाणे मारले. देशभर हळहळ झाली. आणि मैत्रिणींनो, पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ही शिकार थांबवली. आज तिथे लोक ससाणे पाहायला जातात.

मला माझं उत्तर इथे मिळालं. ससाण्याला चतुर सोडता येत नाही. माणसाला ससाणा सोडता आला. पोटासाठी खाण्यावाचून ज्याला दुसरी वाटच नाही त्याचं खातं मी तपासू नये. मला निवड आहे, म्हणून माझं खातं मी तपासावं.

त्यात काय नोंदी येतात? मुलं चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवतात, तेव्हा हसत न बसता त्यांना थांबवणं. बागेत विषारी फवारा न मारणं, कारण तो डास आणि चतुर असा भेद करत नाही. घरात पाणी साचूच न देणं, आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करणं, म्हणजे डासांच्या अळ्या होणार नाहीत आणि पुढे मारायची वेळही येणार नाही. माझ्या सासूबाई विहिरीचं पाणी गाळून जिवाणी त्याच विहिरीत सोडत, तीही कडीच्या बादलीने पाण्यापर्यंत नेऊन, वरून ओतून नाही. त्या गाळण्यात चतुराचं एखादं इवलं पिल्लू असेलही. पुढे त्याला बेडकाने खाल्लं असेल. पण ते सासूबाईंच्या हातून मेलं नाही.

नातीला मी एवढंच सांगितलं, "राघूचं राघूपाशी. आपला हात आपण सांभाळायचा." तुमच्या घरी मुलांनी असं विचारलं तर तुम्ही काय सांगता, जरूर कळवा.

जय जिनेंद्र.